माशी दुसऱ्या खात्याची

शेतीखात्यात नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. पिकाचा रोग एका खोलीत बसतो आणि पिकावरची कीड शेजारच्या खोलीत. मधे भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचे साहेब एकमेकांना पाण्यात पाहणारे. आम्ही रोगवाले. करपा, तांबेरा, मर ही आमची मंडळी. ते कीडवाले. टोळ, मावा, खोडकिडा ही त्यांची. आता मला सांगा, जो रोग किडाच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, तो कोणाचा? मी हे भाबडेपणानं विचारलं होतं. साहेब म्हणाले, "रोग आपला, किडा त्यांचा. आपण आपल्यापुरतं बघायचं." डोंबल बघायचं! पण मी होतो हंगामी असिस्टंट. हंगामी माणसाला मोठ्यानं डोंबल म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी मूळचा म्हसवडकडचा, माणातला. आमच्याकडे बाजरी आली तरी देव पावला. त्यामुळे कृष्णाकाठची तंबाखू पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चक्क हेवा वाटला होता. काळीभोर जमीन, सुपाएवढी पानं. आणि त्याच तंबाखूत कोकडा शिरला होता. पान कडांनी आत वळायचं, शिरा खालून फुगायच्या, झाड गुडघ्याएवढं होऊन तिथंच थांबायचं. असल्या पानाला बिडीवालासुद्धा हात लावत नाही. आष्ट्याकडून तक्रारी आल्या आणि साहेबांनी मला त्या कामावर घातलं. त्यांचं मत मात्र आधीच ठरलेलं: एक तर खत कमी, नाहीतर बी खराब.

माझा संशय पांढऱ्या माशीवर होता. माशी कसली, तांदळाच्या कणीहून लहान जीव. पानाच्या पोटाला बसून रस पितो. मी त्या माश्या कंदिलाच्या काचेत धरायचो, काचेची दोन्ही तोंडं फडक्यानं बांधायचो आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला न्यायचो. शेजारचे उतारू विचारायचे, "मास्तर, दिव्याबिगर काच कशापायी मांडीवर घेऊन बसलाय?" मी म्हणायचो, आत माश्या आहेत. मग पुढच्या थांब्यापर्यंत माझ्याशेजारी कोणी बसायचं नाही. ऐसपैस प्रवास व्हायचा.

साताऱ्यात कचेरीच्या मागं कुंड्यांत तंबाखू लावली आणि त्यावर कापडाचे पिंजरे केले. कापडावर कंट्रोल होता. माधवनगरच्या गिरणीतून एवढंसं विरविरीत कापड मिळवायला मी किती खेपा घातल्या आणि कोणाकोणाच्या हातापाया पडलो ते मला माहीत. कोकडलेल्या झाडावरची माशी चांगल्या झाडावर सोडली की झाड कोकडायचं. चांगल्या झाडावरची माशी सोडली तर काही नाही. माशीच सोडली नाही तर झाड डेरेदार. तीन हंगाम हेच केलं आणि तिन्ही हंगाम उत्तर तेच आलं. माणातल्या पोराला सरकारी पैशानं एक खरी गोष्ट सापडली होती. मी एकटाच त्या कुंड्यांच्या मधे उभा राहून हसत होतो.

मग शेतकऱ्यांसाठी पत्रक काढायचं ठरलं. मी जीव ओतून मसुदा केला. हा रोग पांढरी माशी पसरवते. कोकडलेलं झाड भल्या सकाळी उपटा, तेव्हा माशी गारठलेली असते, उडत नाही. झाड हलवू नका. उपटल्याबरोबर पोत्यात घाला, तोंड बांधा, तिथल्या तिथं जाळा. एवढंच होतं, कोणाही शहाण्या माणसाला पटेल असं.

साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि माशीपासून जाळण्यापर्यंत सगळं मारलं. एकच ओळ ठेवली: रोगट झाडे उपटून शेताबाहेर टाकावीत. मी म्हणालो, "साहेब, माशीशिवाय याला काही अर्थ नाही. उलट नुकसान होईल." ते शांतपणे म्हणाले, "माशी छापली की पलीकडची खोली वर तक्रार करणार. मग पत्रव्यवहार. दोन वर्षं पत्रक निघायचं नाही. आणि हे पाहा, तुम्हाला कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा मागवला. घरी दुसरं मूल येऊ घातलं होतं. मी मूग गिळले, चहा प्यालो आणि त्या एका ओळीचं पत्रक माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहून छापायला दिलं.

पत्रक घेऊन मीच आष्ट्याजवळच्या एका खेड्यात गेलो. बेचाळीसनंतरचे दिवस. सरकारी माणूस दिसला की लोक दारं ओढून घेत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ऐकून घेतलं ते एका म्हाताऱ्या सुभेदारांनी. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शनीत येऊन तंबाखू करणारे. त्यांच्या तंबाखूच्या ओळी दोरी लावून आखलेल्या असायच्या. कागद हातात घेतला की आधी उभे राहायचे, मग वाचायचे.

त्यांनी मारुतीच्या देवळापुढं लोक जमवले आणि पत्रक वाचून दाखवलं. त्यांच्या बांधाला बांध असलेला शेजारी उसळलाच. "उभं हिरवं झाड उपटायचं? सरकारला काय येड लागलंय का?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सुभेदार म्हणाले, "ऐका रं. ह्यो मानूस शिकल्याला हाय, तीन वर्सं ह्याच कामात हाय. पैलं माझ्या रानातली उपटतो. मग तुमची. काय वंगाळ झालं तर मला धरा. ही माझी जबान." शेजारी पुटपुटत गप्प झाला. त्या गावात सुभेदारांच्या जबानीवर लग्नं ठरत. ओढ्याकाठच्या सगळ्या रानांतली तंबाखू त्या दिवशी त्या एका शब्दावर टांगली गेली, आणि तो शब्द त्यांनी माझ्या भरवशावर दिला होता.

उपटायचं कसं, ते मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं ठरवलं. इर्जिक घातली. म्हणजे एकानं बोलवायचं, सगळ्या गावानं यायचं, एकेक रान मिळून उरकायचं आणि ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. सकाळी गुराढोरांचं, पाण्याचं आवरून मंडळी भाकरी खाऊन दुपारच्या उन्हात जमली. कोणीतरी हलगी आणली. पन्नाससाठ माणसं ओळीनं सुभेदारांच्या रानात घुसली. कोकडलेलं झाड दिसलं की मुळासकट खेचायचं, झटकून माती पाडायची, कवेत घ्यायचं. कवळा भरला की शेताबाहेर, म्हणजे थेट ओढ्यात. ओढा शेजाऱ्याच्या रानापलीकडे, म्हणजे वाट त्याच्या उभ्या तंबाखूतून. एक रान झालं की पुढच्या रानात. हसत, एकमेकांना शिव्या देत, गाणी म्हणत ते सगळ्या शिवारातून फिरले.

मी बांधावर उभा होतो. प्रत्येक झटक्याला पानांखालून पांढरं उडत होतं, पीठ चाळताना उडतं तसं. बायांच्या दंडांवर, लुगड्यांवर, गड्यांच्या पटक्यांवर बसत होतं. कवळ्याबरोबर चाललं होतं. चांगल्या झाडांवर उतरत होतं. दुपारच्या उन्हात माशी जितकी चपळ असते तितकी कधीच नसते, हे हिंदुस्थानात त्या दिवशी माझ्याइतकं पक्कं कोणाला माहीत असेल? आणि मी काय करत होतो? तर टोपी सारखी करत होतो. एक "थांबा" एवढा शब्द. तो जिभेवर आलेला मला आठवतो. पण थांबा म्हणालो की का ते सांगावं लागणार, ते सांगितलं की माशी आली, माशी आली की साहेबांच्या टेबलावरचा कागद आला. भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच मोठे शब्द कशाला वापरू? सुभेदार घामानं निथळत आले आणि म्हणाले, "बरुबर चाललंय न्हवं सायेब?" मी मान हलवली. त्यांनी मला मटणाचं जेवण घातलं आणि मी ते जेवलो.

महिन्याभरात ओढ्याकाठची सगळी तंबाखू कोकडली. ज्यांच्या रानात आधी दहावीस झाडं खराब होती त्यांच्याकडे एक धड उरलं नाही. ज्यांच्याकडे एकही नव्हतं त्यांचंही तेच.

वरून चौकशी आली. रिपोर्टात लिहिलं गेलं की शेतकऱ्यांनी सूचना नीट पाळल्या नाहीत. खापर फोडायला गरिबाचं डोकं बरं असतं. सांगणारे साहेब, लिहिणारा मी, खाली सही माझी. मी कायम झालो, कचेरीत पेढे वाटले. पुढं साहेब पेन्शनीत गेले, भिंतीत दार पडलं आणि त्या माशीवर मी जागोजागी भाषणं केली. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. एकाही भाषणात मी ती इर्जिक सांगितली नाही.

आणि आतासुद्धा बघा, मी किती गोल फिरतोय. रिपोर्ट लिहिण्याआधी मला एकदा त्या गावी जावं लागलं होतं. पाहणी करायची होती. तेच सांगायचं टाळत आलो.

सकाळची वेळ होती. पाटाच्या कडेनं चाललो तर समोरून येणारी माणसं वाट सोडून रानात उतरत होती. माझ्यामुळे, असं मला वाटलं. सुभेदारांच्या रानात पोचल्यावर कळलं, त्यांच्याशीही कोणी बोलत नव्हतं. त्यांनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, हवापाणी सांगावं तसं. "रामराम घातला तरी कोन घेत न्हाई आता. बरुबर हाय त्यांचं. म्याच म्हनलं हुतं, मला धरा." ते बांधावर बसले होते आणि मुरडलेलं एक पान उलटं करून बघत होते.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायेब, एक इचारू? खरं सांगा. आमी झाडं उपटाय लागलो तवा पांढरं पांढरं उडत हुतं. तवा ध्यानात आलं न्हाई. आता रोज बगतोय. ही बारकी माशी जितं बसती तितं पंधरा दिसांनी पान मुरडतंय. आमीच ती कवळ्यातनं गावभर फिरवली. व्हय न्हवं?"

तीन हंगाम पिंजरे लावून मी जे काढलं होतं, ते या माणसानं मोडलेल्या पिकात बसून महिन्यात काढलं होतं.

"आसंल," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली, ते मला आजही टोचतं.

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमास्नी ठावं हुतं का?"

काय सोपं होतं! हो म्हणायचं. त्यांनी तिथंच मुस्काटात मारली असती, गावासमोर उभं केलं असतं, पत्रक कोणी खोडलं ते सांगायला लावलं असतं. निदान त्यांचा शब्द तरी सुटला असता. लोकांना कळलं असतं की सुभेदार फसवला गेला, त्यानं फसवलं नाही. माझी नोकरी गेली असती, एवढंच. त्या काळात पुष्कळांच्या याहून मोठ्या गोष्टी गेल्या.

"नाही," मी म्हणालो. "अजून कोणालाच ठाऊक नाही."

सुभेदारांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दुसरा शब्द शोधतो आणि सापडत नाही, तो आनंद होता. इतके दिवस त्यांना आपल्या पिकापेक्षा दुसरंच काहीतरी खात होतं. ज्याच्यासाठी जबान दिली तो माणूस लबाड निघाला की काय, हे. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बांधापलीकडे तोंड करून त्या शेजाऱ्याला हाका मारू लागले. तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. वाळकी तंबाखू उपटत होता, उपटतच राहिला.

"आरं, हिकडं बग तरी! त्या सायबाला काय काय बोललास तू. त्यास्नी ठावं न्हवतं, गड्या. माशीचं कामय समदं, आन् ह्ये कुनालाच ठावं न्हवतं. मानूस खोटा न्हाई. माझी जबान हाय!"

शेजारी उभा राहिला. हातातलं झाड त्यानं खाली टाकलं, बांधापर्यंत चालत आला. सुभेदारांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत विचारलं, "व्हय का, सायेब?"

मी म्हणालो, "व्हय."