वीस कोयते आणि माझी निरीक्षणं

नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची चाचणी आवृत्ती आपल्या रोजच्या वापरातल्या फोनवर टाकू नये, असं कंपनीनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, म्हणून मी ती वडिलांच्या फोनवर टाकली.

मी पुण्यात अ‍ॅप तयार करतो. नवी सिस्टीम जगाच्या आधी वापरून तिच्यावर 'माझी निरीक्षणं' लिहिणं हे माझं कर्तव्य आहे, असं मला वाटतं. (दुसऱ्या कुणालाही तसं वाटत नाही!) सुट्टीला लोणंदजवळच्या आमच्या गावी आलो, तर दादांचा फोन खाटेवर रिकामाच पडलेला. दादा म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार.

"दादा, फोन एकदम नवा करून देतो. आता तो मराठीसुद्धा समजणार!"

"मग आजवर मी त्याच्याशी कानडी बोलत हुतो व्हय रं?"

पहिली निरीक्षणं उत्तम होती. सगळं काचेसारखं चमकत होतं. बटणं कुठं आहेत ते दिसत नव्हतं, पण झकास दिसत नव्हतं! फोन तापला तेव्हा आई म्हणाली, "आगं बया, ह्ये तर फुकणीबिगर पेटलंय!" आणि सगळ्यात भारी सोय म्हणजे 'संकटरक्षक'. मराठी मेसेजातली धमकी ओळखायची, पाठवणाऱ्याला ब्लॉक करायचं आणि पाच जवळच्या माणसांना परस्पर कळवायचं. मी दादांच्या पाच फौजी दोस्तांचे नंबर घालून मोकळा झालो.

दादांचा जीव मात्र उसात अडकला होता. उसाला तुरे फुटलेले, वजन रोज घटतंय, आणि महिनाभर विनवण्या करूनही तोडणीची टोळी येत नव्हती. त्या संध्याकाळी फोन थरथरला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली : 'धोका टळला.' मी कौतुकानं तिचा फोटो काढून निरीक्षणांत डकवला.

टळलेला धोका सकाळी साडेसातला ट्रॅक्टरमधून आला.

त्याच्याआधी पाच फौजी दोस्त जीपमधून थेट आमच्या रानात आले होते. त्यांच्यातले हवालदार नाना काठी परजत बांधावर चढले. "सुभेदार, तू मागं हो!"

"आरं, पर झालंय काय?"

"वीस हत्यारबंद येत्यात तुला माराया! तुझ्याच फोननं कळवलंय!"

एवढ्यात ट्रॅक्टर थांबला आणि माणसं खाली उतरली. नानांनी डरकाळी फोडली, "हँड्स अप!" चाळीस बायाबाप्यांनी घाबरून हात वर केले. प्रत्येकाच्या उजव्या हातात कोयता! आता तर नानांची खात्रीच पटली.

"आवं, काल मेसेज टाकला की!" टोळीचा मुकादम कळवळून ओरडला. सिस्टीमनं ब्लॉक केलेला मेसेज मी धडपडत शोधला. 'उद्या सकाळी वीस कोयते घेऊन रानात येतो. तयार राहा. दुपारपर्यंत निम्मं तोडून टाकतो.'

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिस्टीमला नव्हतं. (मला होतं, पण मी मेसेज न वाचता खुणेचा फोटो काढत होतो!)

मुकादम भडकला. "आमी काय दरोडेखोर हाय व्हय? चला रं, पल्याड पाटलांचा ऊस हुबा हाय!"

माणसं भराभर परत ट्रॅक्टरवर चढली. दादांचं तोंड एवढंसं झालं. ते बघून मला गलबलून आलं आणि मी ट्रॅक्टरला आडवा गेलो. "मुकादम, ही चाचणी आवृत्ती आहे हो! यंत्राला संदर्भ कळला नाही. मी आजच कंपनीला सविस्तर कळवतो, पुढच्या अपडेटमध्ये..."

मुकादमानं ड्रायव्हरला खूण केली, "घे पुढं."

तेवढ्यात दादा आले. भल्याभल्या साहेबांपुढं न वाकलेल्या माझ्या बापानं मुकादमापुढं हात जोडले. "आवं, राग धरू नगा. पोरगं मनानं वाईट न्हाई. लय शिकल्यामुळं असं झालंय."

मुकादमानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. बघता बघता त्याचा राग उतरला, आणि त्यानं ट्रॅक्टर बंद करायला लावला.

"आधी सांगायचं न्हाई व्हय, सुभेदार! उतरा रं सगळी, लागा कामाला. घरात असं एखादं लेकरू असलं की मानसाला लय सोसावं लागतं."