डब्यात घातलेली नऊ उत्तरं

माझा स्वभाव तापट. उरवड्याच्या आसपासच्या शाळांत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाले, तरी आवाज वर्गातलाच राहिला. शेजारी म्हणतात, बाई मांजरालाही खडसावून दूध घालतात. खोटं कशाला बोलू, घालते.

दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्यांची सून गेल्या वर्षी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली. इथल्याच एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. आठ तास उभं राहून खोकी उचलायची, त्यात कंबर पार कामातून गेलेली. लाइन लीडरची जागा निघाली होती. लाइन लीडरला टेबल-खुर्ची मिळते, खोकी उचलावी लागत नाहीत. पण त्यासाठी माल घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. हे साहेब दक्षिणेकडचे, त्यांना ना मराठी येत ना हिंदी. महिन्याभरात ते येणार होते.

"बाई, खुर्ची मिळाली तर मी टिकीन, न्हाईतर काम सोडायची पाळी हाय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

फी घेणार नाही म्हटल्यावर तिनं दर गुरुवारी डबा आणायला सुरुवात केली. कधी अळूवड्या, कधी वालाची उसळ. झाकणावर तिच्या सासूचं नाव कोरलेलं. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून मीही काहीबाही घालून पाठवत असे.

पोरगी हुशार, पण प्रश्न फार. मोटारीला इन आणि बसला ऑन का? आपण काय बसच्या टपावर बसतो व्हय? सकाळ-संध्याकाळला इन, मग रात्रीलाच ॲट का, तिनं काय पाप केलं? लग्नाला 'मॅरीड टू' का, नवऱ्यासंगंच ऱ्हातो तर 'विथ' का न्हाई? सगळे प्रश्न ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. मी म्हणायचे, पाठ कर, असंच असतं. शाळेत पोरांना हेच सांगत आले होते आणि एकाही पोराची पुन्हा विचारायची छाती झाली नव्हती.

एका संध्याकाळी तिनं बसचा प्रश्न तिसऱ्यांदा काढला आणि माझं डोकं फिरलं. "दहावीला तीनदा बसलेल्यांनी व्याकरणाला जाब विचारू नये," मी म्हणाले. जिभेला हाड नसतं हेच खरं. ती उठली आणि निघून गेली. वही आणि त्या दिवशीचा डबा माझ्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. साहेब यायला आठच दिवस उरले होते. मला लाज वाटत होती, पण पाऊल उचलत नव्हतं. चौथ्या दिवशी तिच्या वहीचं मागचं पान उघडलं. चौदा प्रश्न होते. घरातली दोन्ही व्याकरणाची पुस्तकं काढून बसले. पाचांची उत्तरं मिळाली. बाकी नवांना पुस्तकंही माझ्यासारखीच म्हणत होती, असंच असतं.

मग एका कागदावर चौदाही प्रश्न उतरवले. पाचांपुढे उत्तर लिहिलं. नवांपुढे लिहिलं, 'आय डोन्ट नो.' पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला, नवव्यापर्यंत सरावला. खाली मराठीत लिहिलं, 'दहावीचं बोलले ते चुकलं.' डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले, वर तो कागद ठेवला आणि वही काखेत मारून तिच्या दारात गेले.

तिनं उभ्यानंच वाचलं. "तुमाला पन येत न्हाई?"

"नाही."

"मग लई बरं झालं," ती म्हणाली आणि हसली. "मला वाटायचं, मलाच डोकं न्हाई." दुसऱ्या दिवसापासून पुन्हा येऊ लागली.

साहेब आले त्या दिवशी ती संध्याकाळी तडक माझ्याकडे आली, कारखान्याच्या कपड्यांवरच. जागेसाठी दोघी होत्या, ही आणि एक बारावी झालेली. साहेबांनी दोघींना विचारलं, खोक्यांची चिकटपट्टी सुटते कशी? दुसरीनं फाडफाड इंग्रजीत कारण सांगितलं, पण साहेबांनी उलट विचारल्यावर ते रचलेलं निघालं.

"मी म्हनलं, सर, आय डोन्ट नो. आय विल आस्क अँड टेल यू. स्टोअरात जाऊन विचारलं, तर रोल जुना निघाला. जेवनाच्या सुट्टीआधी येऊन सांगितलं. इन म्हनले का ॲट, ध्यानात न्हाई बघा. पर ते पयलं वाक्य तुमच्या कागदावर नऊ येळा वाचलेलं, चुकनार कसं?"

खुर्ची तिला मिळाली होती. मी चहा टाकायला आत गेले. पस्तीस वर्षांत ते वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं.

बाहेरून तिनं विचारलंच, "बाई, खुर्चीला इन का ऑन?"

"दोन्ही चालतं," मी आतून म्हणाले. "तू आधी बस तर खरी."