स्कूटरचा नारळ

मंगळवार, दुपारचे बरोब्बर बारा. वेळ एवढी पक्की सांगते, कारण गिरणीचा भोंगा वाजत होता आणि त्या भोंग्यातच आमच्या फाटकाची कडी वाजली. भोंगा थांबला, कडी थांबेना. मी उठले नसते, बबलीला थोपटत तशीच पडून राहिले असते, तर आज नागपूरच्या महाल भागात मला कोणी 'स्कूटरवाली बाई' म्हटलं नसतं. पण स्वस्थ पडून राहील ती मी कसली?

आत्ताच हसू नका. अजून काहीच झालं नाही.

आमची स्कूटर माझ्या नावावर आहे. मला सायकलसुद्धा येत नाही, ते सोडा. तेव्हा स्कूटर ही दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. ज्याला त्याला घाई, म्हणून लोक स्वतःच्या नावाने लावत, बायकोच्या नावाने लावत, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्याही नावाने लावत. ह्यांचा नंबर कुठे अडकला देव जाणे. माझा मात्र लागला. लग्नाच्या वर्षी लावला होता, लागला तेव्हा आमची बबली दुडूदुडू चालत होती. म्हणजे आमच्याकडे मूल आधी आलं, स्कूटर नंतर.

आणि आली ती अट घेऊनच. दोन वर्षं विकायची नाही. कारण तेव्हा नवी गाडी घरी आणायची आणि लगेच चढ्या भावाने दुसऱ्याला देऊन टाकायची, हा एक धंदाच झाला होता. म्हणून कंपनीने ठरवलेलं, की कोणी असं केलेलं कळलं, तर त्या नावाला पुन्हा जन्मात गाडी मिळणार नाही. ह्यांनी हे मला सह्या करताना हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. नाव माझं होतं.

त्यात नळावर शेजारच्या शांताबाईंनी भर घातली. "माणूस येते म्हणे घरोघरी पाहाले. गाडी घरी दिसली नाही का, विकली असंच लिहून नेते."

"आणि मग?"

"मग काय? बसा पायी फिरत."

आता माझा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. बबली शिंकली की मला न्यूमोनिया दिसतो. हे पाच मिनिटं उशिरा आले की मी गल्लीच्या तोंडाशी उभी. मग शांताबाईंनी असं सांगितल्यावर माझं काय झालं असेल? गल्लीत सफारी घातलेला कोणी दिसला की हाच तो, म्हणून मी फाटकाची कडी लावून घेऊ लागले.

आणि नेमकी त्याच मंगळवारी स्कूटर घरी नव्हती. लकडगंजात माझी नणंद दिली आहे. तिच्या दिराचं लग्न होतं, आणि नव्या गाडीशिवाय वरात कशी निघणार, म्हणून नंदोई ती घेऊन गेले होते. जावई माणसाला नाही कोण म्हणणार?

कडी काढली, तर दारात सफारी सूट. बगलेत कातडी बॅग. अंगणात इकडे तिकडे पाहून, अगदी हळू आवाजात म्हणतो, "नवीन गाडी इथंच आली ना? पाहाची होती."

झालं. माझे हातपाय गार, तेही नागपूरच्या मे महिन्यात.

आता खरं सांगायला काय हरकत होती? गाडी पाहुण्यांकडे गेली आहे, उद्या येईल. पण घाबरलेल्या माणसाला साधं काही सुचतं का? मला सुचली ती भुजाडेकाकांची स्कूटर.

भुजाडेकाका आमचे घरमालक. अंगण एकच. त्यांचीही स्कूटर आमच्याच आठवड्यात आली होती, तोच फिका निळा रंग, शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या. फरक इतकाच की आमची रस्त्यावर धावायची आणि काकांची अंगणातच असायची. काकांना चालवता येत नव्हती. शिकायला गेले त्या पहिल्याच दिवशी तुळशीवृंदावनाला धडकले, तेव्हापासून रोज सकाळी स्टँडवरच्या स्कूटरवर बसून पेपर वाचायचे आणि पान उलटताना एकदा हॉर्न वाजवायचे. आत्ता मात्र जेवून कूलरसमोर झोपले होते. त्या कूलरच्या घरघरीत तोफ उडाली असती तरी ऐकू गेली नसती. काकू माहेरी गेल्या होत्या, रात्री येणार होत्या.

मी त्या स्कूटरवरची चादर ओढून काढली. "हे काय. इथंच आहे. जाईल कुठं?"

तो वाकून पाहू लागला. पत्र्यावर टिचक्या मारल्या, खाली डोकावला, टायर दाबून पाहिलं. मला वाटलं, तपासणी म्हणजे अशीच असते. काही राहून जाऊ नये म्हणून मीच सांगत सुटले. "एक ओरखडा नाही पाहा. फक्त टेकडीच्या गणपतीला नेली, पूजेला, तीही ढकलत. कोणाला हात लावू देत नाही. रोज पुसते."

"वा. कोनाच्या नावावर आहे?"

"माझ्याच."

"असं का." त्याच्या चेहऱ्यावर एकदम समाधान. "मंग तुमची ना नाही ना, वहिनी?"

"माझी कशाला ना असेल?"

"बाकी यजमानांशी बोलतो. उद्या सकाळी येतो, चार मानसं घेऊन."

चार माणसं म्हणजे पंच. पंचनाम्याला पंच लागतात, एवढं सातवी शिकलेल्या बाईला कळतं. मी म्हटलं, "या ना, चहाच ठेवते."

पाहा तुम्ही. त्या बिचाऱ्याने 'विकत' हा शब्द काढला नाही, कारण त्याला भीती, कोणी ऐकलं तर. मी काढला नाही, कारण मला भीती, त्याने ऐकलं तर. दोघंही एकमेकांना घाबरून इतकं गोड बोललो, की विचारू नका.

जाताना त्याने बॅगेतून नारळ काढला. स्कूटरच्या सीटला टेकवला, माझ्या हातात दिला, आणि कडेवरच्या बबलीच्या मुठीत एक रुपया ठेवला. आता तुम्हीच सांगा, पहिल्यांदा घरी आलेला मोठा माणूस लेकराच्या हातात रुपया ठेवतो की नाही? आणि मंगळवार, म्हणजे गणपतीला जाऊन आला असणार, हा त्याचा प्रसाद. मी बबलीला त्याच्या पाया पडायला लावलं. किती सज्जन इन्स्पेक्टर, असं म्हणत रुपया देवाजवळ ठेवला.

संध्याकाळी हे आले. मी सांगितलं, इन्स्पेक्टर आला होता, उद्या पंच घेऊन येणार आहे, आत्ताच्या आत्ता स्कूटर आणा. काकांची दाखवली, हे नाही सांगितलं. सगळं एकदम सांगितलं की ह्यांना ॲसिडिटी होते.

"अवं, पंच कायले आणते तो?"

"ते मला काय माहीत? तुम्ही आणा."

"आज रात्री वरात आहे. वरातीतून नवरदेवाले खाली उतरवू का? उद्या पहाटे आणतो."

रात्री मला झोप कुठली? काकांच्या गाडीवर आपलं नाव सांगितलं, हे मन खात होतं. म्हणून मी तो नारळ फोडला, खोवला, त्याच्या वड्या केल्या आणि ताटलीभर काकांकडे नेऊन दिल्या. काकू आल्याच होत्या. काकांनी दोन खाल्ल्या, आणखी दोन मागून घेतल्या. म्हणाले, "नारळ मस्त आहे वं. कुठून आनला?"

म्हटलं, "देवाचा आहे."

सकाळी मी अंगण झाडून सडा घातला, रांगोळी काढली, पंचांसाठी पाच कप मांडले. हे लकडगंजला गेले होते, अजून पत्ता नव्हता. काका स्कूटरवर पेपर वाचत बसलेले. एवढ्यात फाटकात सफारी सूट, मागे चार गडी आणि एक हातठेला. एकाच्या हातात झेंडूचा हार.

पंच हार घेऊन कशाला येतील, हा प्रश्न तुम्हाला पडला ना? मलाही पडला. पण चहा उतू जात होता.

मी आत पळाले, तोवर बाहेर सुरू झालं होतं.

"उतरा, काकाजी."

"काहून?"

"गाडी न्याची आहे."

"कुठं?"

"आमच्या घरी. कालपासून आमची झाली ना ती."

काकांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून त्या माणसाकडे पाहिलं, मग घराकडे तोंड करून हाक मारली, "काय वं, मी वर बसून असतानी गाडी विकली तू?"

काकू लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "मी कायले विकू? पन घेते का कोनी? घेत असन तं देऊन टाका. पेपर वाचाले खुर्ची काय कमी आहे घरात?"

"काकूंनी नाही," तो माणूस म्हणाला. "ह्या वहिनींनी." आणि त्याने बोट केलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. पाच कप वाजू लागले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "म्हणजे तुम्ही इन्स्पेक्टर नाही?"

बापा, त्या एका शब्दाने काय झालं. चार गड्यांतले तिघे 'इन्स्पेक्टर' ऐकताच फाटकाबाहेर. चौथ्याच्या हातात हार होता म्हणून त्याला ठेल्यावरून उडी मारता आली नाही. सफारीवाला स्वतःच इकडे तिकडे पाहू लागला. "कुठं आहे इन्स्पेक्टर? वहिनी, मी तं कळमन्याच्या बाजारात अडत्या आहे. पोरीचं लग्न आहे, व्याह्याले कबूल केली आहे नवी गाडी. नारळ ठेवला, रुपया बयाना दिला, तुम्ही हो म्हटलं, आता फिरू नका."

नारळ आणि रुपया. बाजारात त्याचा अर्थ सौदा पक्का. आणि मी बबलीला पाया पडायला लावलं होतं.

काका हळूच म्हणाले, "कोनचा नारळ?"

मी म्हटलं, "वड्यांचा."

काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. स्वतःच्या गाडीच्या सौद्याचा नारळ त्यांनी मागून खाल्ला होता.

नेमके तेव्हाच हे आले, आमच्या स्कूटरवर. हँडलला मोगऱ्याच्या माळा, मागे वरातीचा गुलाल. गाडी स्टँडला लावायच्या आधीच अडत्याचे डोळे चमकले. "ही पन निळीच आहे. ती नाही तं ही द्या, भाऊ. गुलालासकट चालन."

पुढचं फार सांगत नाही. ह्यांनी हात जोडले, काकूंनी त्यांच्या घरचा नारळ आणून दिला, मी देवाजवळचा रुपया परत केला. पाचही कप चहा अडत्याने आणि हारवाल्याने मिळून संपवला, कारण दोघांचेही घसे कोरडे पडले होते. हार मात्र परत नेला नाही. तो काकांनी आपल्या स्कूटरला घातला.

तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं? भिंतीवरून शांताबाईंनी सगळं ऐकलं होतं. चार दिवसांत गावभर झालं, महालात एक बाई आहे, नव्या गाड्या देते, मुकाट नारळ घेऊन जा. लोक येऊ लागले. हळू आवाजात विचारत, "वहिनी, एखादी आहे का?" एक जण तर नारळाऐवजी संत्र्याची टोपली घेऊन आला. आणि माझं मन सारखं म्हणे, ही बातमी कंपनीत गेली तर माझं नाव गेलंच. ह्यांच्या नावाला गाडी मिळेना, माझ्या नावाला बंदी. उरली कोण, बबली?

मग एक दिवस सायकलवरून एक वाळकेसे गृहस्थ आले. हँडलला कापडी पिशवी. "गाडी पाहाची आहे," म्हणाले.

मी आता शहाणी झाले होते. दार अर्धं लावून विचारलं, "पिशवीत नारळ आहे का?"

"दोडके आहेत. कंपनीकडून आलो बाई. तक्रार आहे, या अंगणातून गाड्या विकल्या जातात. तुमच्या नावावर आहे ना एक? कोनती ती दाखवा."

खरा इन्स्पेक्टर, आणि मी त्याची पिशवी तपासत होते.

अंगणात दोन निळ्या स्कूटर. एकीवर काका पेपर वाचत बसलेले. मी मनात हिशेब केला, काका बसले ती काकांची. म्हणून दुसरी दाखवली, छाती पुढे काढून. त्यांनी नंबर पाहिला, आपल्या कागदाशी ताडला, मान हलवली. "ही तुमची नाही, बाई. मंग तुमची गेली कुठं?"

मी एकदा या गाडीकडे पाहिलं, एकदा त्या. तेवढ्यात काकांच्या हाताखालचा हॉर्न वाजला.

"साहेब," काका म्हणाले, "माझ्या गाडीवर ऊन आलं, म्हनून मी आज हिच्या गाडीवर बसलो. हिची हे आहे, पाहून घ्या नंबर. आन हिचं नाव लिहू नका. अवो, जिले आपली गाडी कोनती हे समजत नाही, ते काय विकते?"

साहेबांनी नंबर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. "पटलं," म्हणाले, आणि दोडके घेऊन गेले.

माझं नाव वाचलं ते असं. हे त्या रात्री इतके हसले की बबली दोनदा जागी झाली.

तेव्हा आता एवढं करा. महालात, लकडगंजात, कळमन्याला कोणी नव्या स्कूटरच्या शोधात दिसलं तर त्यांना सांगा, भुजाड्यांच्या अंगणात गाडी मिळत नाही. आणि कोणी तरीही येणारच असेल तर म्हणावं नारळ आणू नका. काकांना वड्या आवडतात, आणि खोवायचं माझ्याच नशिबी येतं.