कुपनवाल्या बाई

दुकानात बिलाच्या रांगेत माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. पर्समधून सवलतीची कुपनं काढून, एकेक सरळ करून त्या काउंटरवरच्या मुलीला देत होत्या. माझ्या मागचे गृहस्थ वैतागले. "मावशी, दहा-वीस रुपयांसाठी रांग कशाला अडवता? मी देतो."

बाई शांतपणे वळल्या. "तुमचे नकोत हो. माझे आहेत, तेवढे सोडवून घेते."

रांग हसली, गृहस्थही हसले. काटकसर मी खूप पाहिली होती, पण तिच्यात एवढी ऐट असते हे तेव्हा कळलं. आपल्या कष्टाच्या पैशाचा मान राखणाऱ्याला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

मी बाहेर आलो, तर बाई पायरीवर बसून कुल्फी खात होत्या.

"वाचले ना पैसे, त्यातली," त्या म्हणाल्या आणि सरकून मला जागा करून दिली.