तांबोळींची हजेरी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवाला मी तसंही फारसं काही सांगत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – उद्या रस्त्यात दिसलो तरी थांबून बघणार नाही. हल्ली कुणी थांबून बघितलं की मी रस्ता बदलतो.

टेकडीपासून सुरुवात करतो. तेवढं तरी सोपं जाईल.

सरकारी खात्यात नकाशे काढायचो, निवृत्त झालो. पुढचे सहा महिने वारज्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून, खाली कोण गाडी किती वाकडी लावतं यावर शेरे मारत काढले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तरी घराबाहेर पडा, नाहीतर मी पडते." पडलो. मागच्या टेकडीवर रोज सकाळी चढणारा एक गट होता – अकरा जण, सगळे पंचावन्नच्या पुढचे. त्यात शिरलो. आणि काय सांगू, सुखी झालो हो! हा शब्द मी जपून वापरतो. गुडघे कुरकुरायचे थांबले, झोप लागायला लागली, बायकोशी भांडण रोजचं होतं ते आठवड्यावर आलं. वर सपाटीवर हात फिरवत उभं राहावं, लांब खडकवासल्याचं पाणी उजळत जावं, आणि काही कारण नसताना हसू यावं. साठीच्या माणसाला उगीचच हसू येतं म्हणजे काय, हे साठीतल्यालाच कळेल.

या सुखातला निम्मा वाटा तांबोळींचा. रशीद तांबोळी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. रविवार पेठेत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, मग हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना वारज्यात आणलं, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. आमची जोडी जमली. चढताना ते बोलायचे, उतरताना मी. मला नकला करायची जुनी खोड आहे. ऑफिसात साहेबांच्या करायचो, इथे तांबोळींच्या, त्यांच्याच समोर. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. पण हे फक्त आमच्या दोघांत. गटात नाही, कारण गटात रानडेबाई होत्या.

रानडेबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका – निवृत्त हे आपलं म्हणायला. पूर्वी एकदा गटातल्या एकाचा पाय मुरगळला आणि तो अर्धा तास वर एकटाच बसून राहिला, कुणाच्या लक्षातच नाही. दुसऱ्या दिवशी बाई शाळेचा असतो तसला हजेरीपट घेऊन आल्या. व्यायाम झाला की उतरण्याआधी नावं पुकारायची. उत्तर आलं नाही, तर कुणी पाहिलंय का विचारायचं, आणि मगच लाल फुली. वर्षभर एकही फुली नाही त्याला बाईंकडून नारळ. आम्ही सगळे 'हजर' म्हणायचो. तांबोळी एकटे 'हाजिर!' म्हणायचे – खणखणीत, 'जि'वर जोर देऊन. सलग तीन वर्षं नारळ त्यांच्याकडे होता.

कळतंय ना, मी कुठे चाललोय? मलाही कळतंय. म्हणून तर पाय ओढतोय.

गेल्या थंडीतली गोष्ट. धुकं इतकं, की पुढच्या माणसाची नुसती टोपी दिसावी. सपाटीच्या अलीकडच्या वळणावर तांबोळी थांबले. म्हणाले, उजवा पाय जड झाल्यासारखा वाटतोय. मी म्हणालो, "पायाला किल्ली द्यायची राहिली वाटतं!" ते हसले. आणि हसताना त्यांचं तोंड किंचित वाकडं झालं. मला दिसलं. धुकं होतं तरी दिसलं. दगडावर टेकत म्हणाले, "व्हा तुम्ही पुढे, आलोच मी."

मी पुढे झालो.

व्यायाम झाला. ते आले नाहीत. वाटलं, गेले असतील परत घरी. बाईंनी हजेरीपट उघडला. त्या मान वर करतच नाहीत, नाकावर चष्मा आणि नजर कागदावर. बाकीचे धुक्यात इकडेतिकडे पाठमोरे, कुणी वाकलेलं, कुणी बूट बांधतंय. "तांबोळी?" – आणि मी म्हणालो, "हाजिर!" त्यांच्या आवाजात. 'जि'वर जोर देऊन. म्हटलं, कशाला बिचाऱ्यांचा नारळ घालवायचा? आणि खरं सांगू? नक्कल इतकी हुबेहूब उतरली, की मी स्वतःवर खूश झालो.

मग आम्ही नेहमीसारखे पलीकडच्या वाटेने उतरलो, चहाकडे. त्या वळणावरून कुणीच गेलं नाही. चहाला तांबोळी नव्हते; सरळ घरी गेले असतील, असं सगळ्यांनी धरलं.

इतकंच असतं, तर चूक म्हणून खपलं असतं. पण इतकंच नाही.

साडेआठला भाभींचा, म्हणजे तांबोळींच्या बायकोचा, फोन आला. अजून घरी आले नाहीत. दहा मिनिटांत सगळा गट त्यांच्या बिल्डिंगखाली जमला. बाईंनी हजेरीपटच पुढे केला – हे बघा, होते की हजेरीला. दुसरा म्हणाला, हो हो, मी ऐकलं ना, 'हाजिर' म्हणाले, त्यांच्याशिवाय कोण म्हणतं? त्यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. मग भाभी माझ्याकडे वळल्या. तेव्हा मी तोंड उघडायचं होतं. वळणावर बघा, एवढे दोनच शब्द. मी काय म्हणालो? म्हणालो, "हो. मीही ऐकलं."

म्हणजे ते टेकडी उतरले, असं ठरलं. सगळे खाली शोधायला लागले – चहाची टपरी, दूध डेअरी, मशीद, बसथांबा. जिथे ते नाहीत हे मला ठाऊक होतं, तिथे मी स्कूटरवरून त्यांना शोधत हिंडलो. दीड तास! वळण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता – तुम्हाला कसं माहीत? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. एका माणसाच्या जिवापेक्षा जास्त घाबरलो.

दहानंतर म्हणालो, एकदा टेकडी बघून येतो. सरळ वळणावर गेलो. दगडाखाली गवतात पडले होते. डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते.

मेंदूत गुठळी. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. आणि भाभी माझे हात धरून रडल्या – "गायकवाडभाऊ, तुम्ही नसता तर!" मुलाने मला मिठी मारली. त्या घरात तेव्हापासून मी त्यांचा जीव वाचवणारा माणूस आहे. आणि ते? ते व्यायामाचा हव्यास असलेले हट्टी म्हातारे. हजेरी झाल्यावर पुन्हा वर कशाला गेलात, म्हणून भाभी अजून त्यांना रागावतात. माझ्यासमोर रागावतात. त्यांना उत्तर देता येत नाही, आणि मी खाली बघतो.

ते वळण सपाटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांना हजेरी ऐकू गेली असणार. गवतात पडल्या पडल्या त्यांनी वाट बघितली असणार – आता माझं नाव येईल, उत्तर जाणार नाही, मग सगळे मला शोधतील. आणि मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला असणार. हे माझ्या मनात येतं. रोज मनात येतं.

मी रोज त्यांच्याकडे जातो. पाय हलवायला मदत करतो, बोटं उघडतो, मिटतो. एक बाई त्यांना बोलायला शिकवायला येतात. 'प' आला, 'म' आला, घरात आनंद होतो, कुणीतरी साखर वाटतं. मीही टाळ्या वाजवतो – आणि मनात म्हणतो, आज नको. आज वाचा यायला नको. माझ्या मित्राची जीभ सुटू नये, असं मी रोज मागतो. ऐकलंत ना?

टेकडीही सोडलेली नाही. आणि सर्वांत लाज वाटते ती याची, की वर गेलं, वारा लागला, दम भरला की मला अजूनही बरं वाटतं.

मागच्या रविवारी रानडेबाईंनी टूम काढली, सगळ्यांनी तांबोळींकडे जायचं, त्यांच्यासोबत बसूनच हातपाय हलवायचे, आणि हजेरीही तिथेच. गेलो. हॉलमध्ये गोल करून बसलो. बाईंनी हजेरीपट उघडला. एकेक 'हजर' होत गेलं. "तांबोळी?"

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले. "ह... ह..." पुढे येईना. मग त्यांनी डावा हात उचलला, सावकाश, आणि बोट माझ्याकडे केलं.

बाई हसल्या. "अहो, तुम्हाला म्हणायला सांगतायत. म्हणा की त्यांच्या वतीने!"

'हजर' म्हटलं असतं तर चाललं असतं. माझ्या आवाजात, साधं. पण भीतीच्या भरात तोंडातून निघालं ते तेच – "हाजिर!" खणखणीत.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. भाभी ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. "बोले? बोले ना ये?" चेहरा असा उजळलेला, की मला बघवेना. त्या त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, त्यांच्या तोंडाला हात लावला. कुणीतरी हळूच माझ्याकडे बघितलं. मग भाभींनीही बघितलं. चेहरा हळूहळू उतरत गेला.

उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, त्या दिवशीपण?"

मी म्हणालो, "नाही."

तांबोळींचं बोट अजून माझ्याकडेच होतं.