आकाशातल्या पाहुण्याचा रामराम

मोखाड्यात तेव्हा रेडिओवर मुंबईचं स्टेशन धड लागत नव्हतं, आणि आमचे हे उपग्रह ऐकत बसायचे. हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, मी सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर पाड्यापाड्यांतून पायपीट करून मी घरी यावं, तर हे मिलिटरीच्या भंगारातून आणलेल्या लोखंडी रेडिओसमोर हेडफोन लावून बसलेले, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखे. पुढ्यात चहा ठेवला तरी कळायचं नाही. मग तो चहा मी त्यांच्यासमोरच पिऊन टाकायची.

शाळेच्या पत्र्यावर ह्यांनी एक खांब उभा केला होता. त्याला बांबूची चौकट, आणि चौकटीवर ताणलेल्या तांब्याच्या तारा. उपग्रह जिकडे सरकेल तिकडे चौकटीचं तोंड करायचं, म्हणून वर चढून तो खांब हातानं फिरवावा लागे. हे काम शाळेच्या शिपायाकडे. ह्यांचं म्हणणं असं, की उपग्रह दिवसातून काही वेळा आपल्या डोंगरांवरून जातो, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं दिसतो, म्हणजे ऐकू येतो, आणि जाताना मोर्सच्या, म्हणजे तारेच्या भाषेत चार टिट, मग दोन टिट असा इंग्रजीतल्या 'हाय'चा सारखा नमस्कार घालत असतो. गुरू ग्रहाकडे गेलेली यानंसुद्धा काहीबाही कळवत असतात, पण त्यांचा आवाज इतका क्षीण, की तो धरायला मोखाड्याच्या अख्ख्या बाजाराएवढी ताटली लागेल. ती आपल्याकडे नाही याचं ह्यांना मनापासून वाईट वाटायचं. घरात धड परात नव्हती त्याचं नाही.

तीन वर्षं हे असं चाललं होतं, आणि तीन वर्षांत ह्यांच्याशिवाय एकाही माणसाला तो नमस्कार ऐकू आला नव्हता. सहकारी शिक्षकांनी हेडफोन लावून पाहिले, डॉक्टरांनी पाहिले. मीही दोनदा लावले. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा नुसता चर्र आवाज. हे म्हणायचे, "त्या चर्रच्या आत आहे गं, नीट ऐक." मी म्हणायची, आत असेल तर राहू दे आत. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. चारचौघांत सांगायची, आमच्या मास्तरांचे कान दवाखान्यात आणून धुवायला झालेत. लोक हसायचे, हेही हसायचे. त्या हसण्यामागे ह्यांना काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग एका पावसाळ्यात खांबाच्या बुडाशी पत्रा गळायला लागला आणि सातवीच्या वर्गात तळं झालं. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते जव्हारचे, भाताची गिरणी होती त्यांची, माणूस रोखठोक पण मनानं चांगला. ते आले, पत्रा बघितला, खांब बघितला आणि म्हणाले, "मास्तर, ह्याच्यातून खरंच काही ऐकू येत असेल तर मला ऐकवा. मी ऐकलं तर खांब राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी उतरवायचा." ह्यांनी लगेच हो म्हटलं. रात्री मात्र कूस बदलत राहिले. खांब गेला तर नुसता खांब जाणार नव्हता, तीन वर्षं हा माणूस भ्रमात होता असं गावात कायमचं ठरणार होतं. एरवी मी दोन टोमणे मारले असते. त्या रात्री मला ते सुचले नाहीत.

दिवस ठरला बाजाराचा, वेळ सकाळची. भातकापणी उरकली होती, घराघरांत नवं भात आलं होतं. आमच्या ह्यांना गप्प राहणं कुठं जमतं? आधीच्या बाजारात वर डोंगरातल्या सूर्यमाळ गावाकडची मंडळी भेटली, त्यांना सांगून बसले, "पुढच्या बाजाराला शाळेत या. आकाशातून एक पाहुणा जाणार आहे, तो आपल्याला रामराम घालणार आहे." मी म्हटलं, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. अध्यक्ष कमी पडले म्हणून आता डोंगर गोळा करा.

त्या सकाळी विज्ञानाच्या खोलीत अध्यक्ष खुर्चीत बसले. रेडिओला भोंगा जोडला होता, जीपची बॅटरी लावली होती, शिपाई पत्र्यावर खांब धरून तयार. माझी पाड्यांची फेरी होती, ती दुपारवर ढकलून मी दारात उभी. भोंग्यातून चर्र चर्र चाललेलं. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, एक बोट वर केलं, आणि त्याच क्षणी मैदानातून तारपा घुमायला लागला.

तारपा ज्यानं जवळून ऐकलाय त्याला सांगायला नको. दुध्या भोपळ्याचं ते हातभर लांब वाद्य, वाजवणारा श्वास न तोडता फुंकतो आणि पायाखालची जमीनसुद्धा घुमते. सूर्यमाळची माणसं आली होती ती रिकाम्या हातानं आली नव्हती. वीस-पंचवीस बायाबाप्ये कमरेत हात गुंफून फेर धरून नाचत होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी धावत गेले आणि तारपेवाल्या म्हाताऱ्याशेजारी उभ्या असलेल्या एका आजीला म्हटलं, "आजी, थांबवा, आत ऐकू येत नाही." ती म्हणाली, "पाहुना इतक्या लांबून येतो, रामराम घालतो, आन् आमी मुक्यानं बसू व्हय? नि फेर मधीच कसा तोडायचा बाई?" तिचं बरोबर होतं. सुरू झालेला फेर पुरा झाल्याशिवाय तारपा थांबत नाही, हे मला काय माहीत नव्हतं?

वर बघते तर खांबापाशी कोणी नाही. शिपाई त्याच मंडळींपैकी, तारपा ऐकून त्याला काय पत्र्यावर राहवतंय, तो खाली उतरून फेरात सामील झाला होता. अध्यक्षही तारपा थांबवायला मैदानात निघाले. ह्यांनी हेडफोन जोडले, माझ्या डोक्यावर बसवले, म्हणाले, "तू ऐक, मी खांब फिरवतो," आणि लेंगा खोचून शिडी चढले.

मी डोळे मिटले. बाहेर तारपा, कानात चर्र. पण पाड्यावर बाळंतीण तपासताना असंच असतं. घरात कोंबड्या, पोरं, सासवा, सगळे एका वेळी बोलतात आणि मी पोटावर लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके शोधत असते. सगळं ऐकायचं नसतं, एकच ऐकायचं असतं. तसं मी ऐकायला लागले. आणि चर्रच्या आत, खरंच आत, टिट टिट टिट टिट, टिट टिट. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

फेर संपला तेव्हा पाहुणा डोंगरापलीकडे गेला होता. मी हेडफोन काढून भोंगा परत जोडला, तर नुसतं चर्र. अध्यक्ष घाम पुसत आत आले. "बाई, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं.

त्यांनी मला क्षणभर न्याहाळलं. मग खिडकीत जमलेल्या शिक्षकांकडे वळून म्हणाले, "ह्या बाईनं नवऱ्याचं आजवर कधी कौतुक केलेलं नाही. ती ऐकलं म्हणते म्हणजे ऐकलं. खांब राहू दे, पत्रा तेवढा दुरुस्त करून घ्या." बाहेर तारपेवाला म्हातारा ह्यांना विचारत होता, पाहुण्यानं तारपा ऐकला का. हे म्हणाले, "आपला आवाज तिथवर पोचत नाही, बाबा." म्हातारा म्हणाला, "नाय पोचला तरी वाजवाया लागतो."

संध्याकाळी मी पिठलं-भाकरी केली. खांब वाचला होता, तरी हे ताटात भाकरी नुसती कुस्करत होते. शेवटी मान न उचलता म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोललीस ना. मला वाईट नाही वाटलं. फक्त विचारतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मी आणि तुमच्यासाठी खोटं? इतकी वर्षं कधी बोलले का? ऐकलं म्हणजे ऐकलं. आणि कौतुक सांगू नका, तुमच्या त्या डबड्यात बिघाड आहे. सुरुवातीला आवाज शिट्टीसारखा चढा होता, मग आपोआप उतरत उतरत गेला, शेवटी पार बसल्या गळ्यासारखा. मी कशालासुद्धा हात लावला नव्हता."

ह्यांचा हात ताटात थांबला. "उतरत गेला? कसा? करून दाखव."

मी रागारागानं करून दाखवलं, वरून खाली, टिट टिट टिट टिट, टिट टिट. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिघाड नाही गं. तो येताना तसाच चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. कुणाला ऐकूच येत नव्हतं, तर सांगणार कुणाला?"

तीन वर्षं हा माणूस ते एकटाच ऐकत होता, आणि मी त्याच्यासमोर बसून त्याचा चहा पीत होते. माझा सगळा राग पळाला. हे म्हणाले, "पुन्हा एकदा कर." आणि भाकरी तव्यावर करपत असताना मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.