हात दाखवायचा वार

आमच्या वहिनीला मी मानते. हे लिहून ठेवते, कारण तोंडावर कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. नणंदेने भावजयीचं कौतुक समोरासमोर केलं की दोघींचीही पंचाईत होते.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात, सोड्याच्या पाण्यात उकळतात आणि बायकांच्या हातांतून पिळून, घड्या होऊन बाहेर पडतात. मीही तिथेच होते. फार बोलते म्हणून काढलं. तेव्हापासून गेटाबाहेर उभी राहून बोलते. तिथून आवाज जास्त लांब जातो.

सोडा हात खातो. बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, मीठ हातात धरवत नाही, लेकराच्या गालावरून हात फिरवला तर ते ओरखडलं म्हणून रडतं. वहिनीने यावर उपाय काढला तो शेळीच्या दुधाचा. आमच्या मागच्या अंगणात एक शेळी आहे. तिला मॅडम म्हणतात, कारण तिच्या मर्जीशिवाय थेंब मिळत नाही. मॅडमचं दूध वहिनी उकळते आणि कोमट होऊ देते. दुसऱ्या पातेल्यात खोबरेल आणि मधमाशांचं मेण वितळवते. मग दोन्ही एकत्र ओतून रवीने घुसळत बसते, पार गार होईपर्यंत. दाट, पांढरंशुभ्र लोशन तयार होतं. खुबी एवढीच, की ओतताना दोन्हींची ऊब सारखी हवी. एक तापट आणि एक थंड असलं की फाटलंच म्हणून समजा. हे मला समजावताना ती शांतपणे म्हणाली होती, "म्हणून तर तुमचं कुठे जमलं नाही, वन्सं." मी आठवडाभर अबोला धरला. घरात म्हणे फार बरं गेलं तेव्हा.

या लोशनमध्ये टिकण्यासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि लवकर संपवायचं. वहिनी थोडंथोडं करते आणि लाइनीतल्या बायकांना वाटते. रिकामी डबी घासून परत आणली तरच दुसरी भरून मिळते. बाकी अट नाही.

कारखान्यात तेव्हा दर सोमवारी हात तपासायचे. मुकादम गेटावर उभा राहायचा आणि एकेकीला पांढरा रुमाल मुठीत दाबायला लावायचा. रुमालाला रक्त लागलं तर घरी, कारण चादरीवर डाग पडलेला गिऱ्हाइकाला चालत नाही. सोडा त्यांचा, भेगा आमच्या, आणि शिक्षाही आम्हालाच. चोर तो चोर, वर शिरजोर. मी सांगते त्या सोमवारआधी आमची धाकटी दोनदा परत आली होती. तिसऱ्यांदा डाग पडला की नाव कमी.

धाकटी म्हणजे वहिनीची जाऊ, माझ्या धाकट्या भावाची बायको. माहेरी तिला सगळे वेंधळी म्हणायचे, तिच्या हातातून भांडं पडलं नाही असा दिवस जायचा नाही. पण चादरीचं टोक तिच्या हातात दिलं की काय जादू व्हायची कोण जाणे. समोरून वहिनी, इकडून ही, दोन झटके, आणि चादर पानासारखी सपाट. आपल्याला काहीतरी येतं हे त्या पोरीला त्या कारखान्यात कळलं. ते जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

मला मात्र वेगळं हवं होतं. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात मी तावातावाने सांगितलं की उद्या धाकटीने काही लावून जाऊ नये. फुटलेले हात सगळ्यांसमोर वर करावेत आणि हातमोजे मागावेत. तुझ्या लोशनमुळे मालकाचं फावतं, असंही मी वहिनीला ऐकवलं. भेगा झाकल्या की कारखान्याचं पापही झाकलं जातं. यात माझं काय चुकलं होतं? काहीच नाही.

वहिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पुरावा पाहिजे तर माझे हात घ्या, वन्सं. तिचे नाही."

धाकटी कोपऱ्यात बसून दोघींकडे बघत होती. तिला भीती मालकाची नव्हती, आमची होती.

संध्याकाळी वहिनीने फ्रिज उघडला. हातांवर लोशनचा जाड थर देऊन, फडकं गुंडाळून धाकटीला झोपवायचं आणि सकाळी भेगा मिटलेल्या असतील, असा तिचा बेत होता. डबी रिकामी होती. चाटूनपुसून स्वच्छ.

बाहेर आमचे अण्णा खुर्चीत तृप्त बसले होते. अण्णांची नजर गेलेली, भूक शाबूत. ब्रेडला लावून, वर साखर भुरभुरून त्यांनी सगळं संपवलं होतं. उलट वहिनीलाच म्हणाले, लोणी जरा मेणचट झालंय, नीट कढवत जा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने डोळ्यांनी दटावलं आणि सासऱ्यांना पोटाचं विचारलं. पोट मऊ पडलंय, म्हणाले.

मॅडम त्या दिवसांत आटत आली होती. वहिनी तिच्यापाशी बसली, पाठ खाजवली, लाडीगोडी लावली, तेव्हा कुठे वाटीचा तळ झाकेल इतकं दूध मिळालं. त्याचं लोशन झालं ते एका बाईच्या दोन हातांपुरतं. वहिनीने ते सगळं धाकटीच्या बोटांवर थापलं. फडकं बांधताना मला तिचे स्वतःचे हात दिसले. ते धाकटीपेक्षा वाईट होते. कितीतरी दिवस आपला वाटा ती जावेला देत आली होती आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. फडक्याचं दुसरं टोक मी धरलं.

सोमवारी मी गेटाबाहेर माझ्या जागेवर उभी होते. धाकटीने रुमाल दाबला. मुकादमाने उलटून पालटून पाहिला. स्वच्छ होता. तिने इतका मोठा श्वास सोडला की मला रस्त्यावर ऐकू आला.

मागे वहिनी. तिचा रुमाल कधीच कुणी नीट बघत नसे, लोशनवाली बाई म्हणून. तिने स्वतःहून मूठ घट्ट आवळली आणि रुमाल मुकादमाच्या हातात दिला. लाल. एक डाग नाही, चार बोटांचे चार.

मुकादम बिचारा गोंधळला. हळूच म्हणाला, "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? लोशन तर तुम्हीच करता ना?"

"लोशन मी करते, भाऊ. सोडा तुम्ही घालता."

मग मागची एक पिळणारी म्हणाली की असं असेल तर आमचेही हात राहू देत आमच्याजवळ. तिने ते पाठीमागे नेले. तिच्या मागचीनेही. पुढे गेलेली धाकटी उलट फिरली आणि वहिनीशेजारी जाऊन उभी राहिली, तेही पाठीमागे हात बांधून. आत यंत्रांमध्ये चादरी ओल्या पडल्या होत्या आणि बाहेर एकही बाई रुमाल घेत नव्हती. मी गेटाबाहेर भाषण तयार ठेवून उभी. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वरून साहेब उतरला, बडबडला, घड्याळ पाहिलं, फोन केला. शेवटी रुमाल मुकादमाच्या खिशात गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. वहिनीने मागितलेले हातमोजे देतो असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाला. धाकटीचं नाव राहिलं. आजही त्या दोघींची घडी बघायला लाइनीतल्या बायका हातातलं काम थांबवतात.

मोजे आले, पण पुरुषांच्या मापाचे. बायकांच्या हातात ते पिशवीसारखे लोंबायचे, वरून सोडा आत जायचा. वहिनीने एक जोडी घरी आणून माझ्यापुढे टाकली.

"हे बदलून आणायचं काम तुमचं, वन्सं. मला तुमच्यासारखं भांडता येत नाही."

मी चपला घातल्या.